पंधरा व्होल्टचा शॉर्ट: एका जुन्या ऑसिलोस्कोपच्या पॉवर सप्लायचं प्रकरण

पार्श्वभूमी

टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसा बदलतो ते पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र, १९७२मध्ये बाजारात आला. १०० मेगाहर्ट्झ बँडविड्थ, दोन चॅनेल, डिलेड स्वीप (लहरीचा हवा तो तुकडा मोठा करून बघायची सोय), आणि एवढं असूनही हँडलला धरून एकट्यानं नेता येईल असा आटोपशीर. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. जगभरच्या प्रयोगशाळांत आणि सर्व्हिस सेंटरांत हे मॉडेल वर्षानुवर्षं राबलं. आपल्याकडेही कारखान्यांच्या लिलावांतून असे स्कोप अजून अधूनमधून बाहेर पडतात.

या प्रकरणातला स्कोप असाच आला. भोसरीच्या एका कारखान्यानं जुनं सामान काढलं, त्यातून तो पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडमनी तो आवर्जून मागून घेतला होता. त्यांच्याकडे डिजिटल स्कोप आहेत. पण डिलेड स्वीप म्हणजे काय, ट्रिगर लेव्हल, म्हणजे रेघ कुठल्या व्होल्टेजला सुरू व्हायची ती पातळी, फिरवली की नेमकं काय होतं, हे मुलांना खऱ्या ट्यूबवर आणि खऱ्या नॉबवर दाखवायची त्यांची इच्छा होती. काही सत्रं तो चालला. मग एका सकाळी पॉवरचा दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला.

मॅडम तो घेऊन पुण्यात माझ्या वर्कशॉपवर आल्या. "प्राचार्य म्हणतात भंगारात द्या. तुम्ही एकदा उघडून बघा, मग मी त्यांना काय ते सांगते," एवढंच म्हणाल्या.

समस्या

फ्यूज शाबूत होता. दिवा लागत होता. जळका वास नाही, गुणगुण नाही. ट्रेस, म्हणजे पडद्यावरची रेघ, नाही, आणि पडद्याबाहेर गेलेली रेघ शोधून देणारा बीम फाइंडर दाबला तरी ठिपकाही दिसत नव्हता.

सप्लायची रचना इथंच सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर टेकलेले आहेत. ४६५मध्ये स्विचिंग सप्लाय, म्हणजे वीज वेगानं चालू-बंद करून व्होल्टेज घडवणारा, नाही. मोठा ट्रान्सफॉर्मर, डायोड ब्रिज, डब्यासारखे फिल्टर कपॅसिटर आणि त्यांच्यापुढे व्होल्टेज स्थिर ठेवणारे लिनियर रेग्युलेटर. त्यातून अधिक ११०, अधिक ५५, अधिक १५, अधिक ५ आणि उणे ८ व्होल्ट अशा पाच रेल, म्हणजे पुरवठ्याच्या वाटा, निघतात. ५५ व्होल्टची रेल सर्वांची मोठी बहीण आहे. संदर्भ व्होल्टेज तिच्याकडे असतो आणि बाकीच्या रेल तिच्याकडे बघून आपला व्होल्टेज ठरवतात. ५५ चुकली की सगळ्या चुकतात. म्हणून अशा स्कोपमध्ये पहिलं माप तिचं घ्यायचं, मग तक्रार कुठल्याही रेलबद्दल असो.

पिक्चर ट्यूबचा उच्च व्होल्टेज वेगळ्या ऑसिलेटरमधून येतो. कॅथोडवर सुमारे उणे अडीच हजार व्होल्ट असतात आणि ट्यूबचा एकूण प्रवेगक व्होल्टेज १८ हजारांच्या आसपास जातो. झाकण उघडून चालू स्कोपमध्ये हात घालणाऱ्यानं हा भाग कुठे आहे ते आधी डोळ्यांनी पाहून ठेवावं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाला मी पहिलं काम तेच दिलं: मॅन्युअल घे आणि जिथं हात लावायचा नाही त्या जागा मला दाखव.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय प्राचार्यांचा, म्हणजे भंगार. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. तेवढ्याच बँडविड्थचा साधा डिजिटल स्कोप आज पंचवीस-तीस हजारांच्या घरात मिळतो, आणि त्याला वॉरंटी असते. पण मॅडमना हवं होतं ते शिकवण्याचं साधन. ते नव्या पेटीत मिळत नाही.

दुसरा पर्याय पुष्कळांना सुचतो: जुना सप्लाय काढून टाका आणि तयार स्विचिंग मॉड्यूल बसवा. हा मी लगेच बाजूला ठेवला. ५ मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजन दाखवणाऱ्या स्कोपच्या पोटात स्विचिंगचा गोंगाट सोडायचा, ५५ व्होल्टच्या संदर्भाची साखळी तोडायची, आणि मूळ ट्रान्सफॉर्मर चांगला असताना ११० व्होल्टसाठी वेगळी खटपट करायची, यात दुरुस्ती कमी आणि मोडतोड जास्त.

तिसरा पर्याय सगळ्यांत लोकप्रिय. झाकण उघडा आणि दिसेल तो प्रत्येक इलेक्ट्रोलिटिक, प्रत्येक टँटलम कपॅसिटर बदलून टाका. वय पन्नाशीला आलेलं, तेव्हा कपॅसिटर गेलेच असणार, असा यामागचा विचार. मला यात दोन अडचणी दिसतात. एक म्हणजे दोष सापडतच नाही. स्कोप चालू झाला तरी कशामुळे झाला ते कळत नाही, आणि नाही झाला तर जुन्या दोषात आपल्या हातचे नवे मिसळलेले असतात. दुसरी अडचण बोर्डाची. जुन्या बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या वारंवार तापवल्या की उचलल्या जातात. पन्नास कपॅसिटर बदलणं म्हणजे शंभर जागी ती जोखीम घेणं.

उरला चौथा पर्याय: आधी मोजायचं, मग एकेक निर्णय घ्यायचा. वेळ जास्त लागतो. मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लागू दे. फक्त प्रत्येक पायरीला काय मोजलंत ते लिहून ठेवा, मला मुलांना दाखवायचंय." हा लेख त्याच वहीतून झाला आहे.

पहिला निर्णय: वीज द्यायची की नाही

बंद पडलेलं यंत्र थेट २३० व्होल्टला जोडून "बघूया काय होतंय" म्हणायचं नाही. वर्कशॉपमध्ये दोन साधनं होती, सिरीज बोर्ड (यंत्राच्या वाटेत बल्ब जोडणारा) आणि डिमरस्टॅट (मेनचा व्होल्टेज हवा तेवढा कमी-जास्त करणारा). सिरीज बोर्डावरचा १०० वॉटचा बल्ब एकच गोष्ट सांगतो: ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी किंवा ब्रिजच्या बाजूला सरळ शॉर्ट आहे का. बल्ब क्षणभर भगभगून पेटला आणि मंद झाला. म्हणजे तिथं शॉर्ट नाही. याहून जास्त त्याच्याकडून काढू नये, कारण एवढा लोड असलेल्या स्कोपला बल्बमधून पुरेसा व्होल्टेज मिळतच नाही आणि रेग्युलेटरची मापं खोटी येतात.

मग बंद अवस्थेतली मापं. त्याआधी फिल्टर कपॅसिटर २.२ किलोओहमच्या पाच वॉटच्या रेझिस्टरनं रिकामे केले. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडायची सवय अनेकांना असते. ११० व्होल्टच्या सप्लायच्या फिल्टरवर त्याहून बराच जास्त व्होल्टेज साठलेला असतो, आणि त्या ठिणगीत कपॅसिटरच्या आतली जोडणीही दुखावते.

प्रत्येक रेल आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजला. चार रेलवर तो सुदृढ होता. अधिक १५ व्होल्टच्या रेलवर अर्ध्या ओहमपेक्षा कमी. जिथं दोन आकडी ओहम दिसायला हवेत तिथं एवढा आकडा आला की प्रश्न निम्मा सुटतो.

तरीही एकदा पूर्ण वीज देऊन चालू अवस्थेतली मापं घेतली, डिमरस्टॅटनं हळूहळू चढवत. ५५ आपल्या जागी. ११० जागी. १५ची रेल अर्ध्या व्होल्टच्याही खाली पडलेली. रेलचा प्रवाह ज्यातून जातो तो १५चा पास ट्रान्झिस्टर कोमट होता, भाजत नव्हता. रेग्युलेटरमधल्या करंट लिमिटनं शॉर्ट ओळखून प्रवाह आवरून धरला होता, म्हणून फ्यूज गेला नाही आणि काही जळलंही नाही. तक्रार "पॉवर सप्लाय गेला" अशी होती. प्रत्यक्षात सप्लाय आपलं काम चोख करत होता आणि बाहेर कुठे तरी झालेल्या दोषापासून स्वतःला वाचवत होता. ही गोष्ट ज्याला दिसत नाही तो रेग्युलेटरचे ट्रान्झिस्टर बदलत बसतो.

दुसरा निर्णय: शॉर्ट शोधायचा कसा

१५ व्होल्टची रेल स्कोपभर हिंडते. व्हर्टिकल (रेघेची उभी हालचाल), ट्रिगर, स्वीप (आडवी हालचाल), सगळीकडे तिच्यावर डिकपलिंगसाठी, म्हणजे रेलवरचा गोंगाट जागीच जिरवायला, टँटलम कपॅसिटर बसवलेले आहेत, थेंबाच्या आकाराचे. ७०च्या दशकातल्या उपकरणांत या जातीचा कपॅसिटर बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच मरतो. अॅल्युमिनिअम इलेक्ट्रोलिटिक सुकतो आणि क्षमता गमावतो. टँटलम आतून जोडला जातो. तेव्हा संशयित ठरलेला होता. पण त्यांच्यातला नेमका कोणता?

माझ्याकडे शिकणाऱ्या मुलानं विचारलं, "काका, एकेक पाय उचलून बघत जाऊ का?" तोही मार्ग आहे. पण प्रत्येक पाय उचलणं म्हणजे बोर्ड तापवणं. त्याऐवजी सहज निघणारे कनेक्टर आधी सोडवले. शॉर्ट हलला नाही, म्हणजे तो त्या बोर्डांवर नव्हता आणि शोधाचा प्रदेश बराच आवळला.

पुढचं काम मिलिव्होल्टमीटरचं. स्कोपची वीज पूर्ण काढली. बेंच सप्लाय ०.५ व्होल्टवर ठेवला, प्रवाहाची मर्यादा १ अँपिअर, आणि तो रेल व ग्राउंड यांच्यात जोडला, ध्रुवता रेलचीच. अर्धाच व्होल्ट ठेवण्यामागे कारण आहे. सिलिकॉनच्या जंक्शनला वाहायला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. त्याच्या खाली राहिलं की बोर्डावरचे ट्रान्झिस्टर आणि आयसी झोपलेले राहतात आणि जवळपास सगळा प्रवाह शॉर्टमधूनच जातो.

आता मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. नेहमीच्या जाडीच्या तांब्याच्या पट्टीचा रोध दर चौरसाला साधारण अर्धा मिलिओहम असतो. अडीच मिलिमीटर रुंद आणि पंचवीस मिलिमीटर लांब पट्टी म्हणजे एकापुढे एक ठेवलेले दहा चौरस, म्हणजे पाच मिलिओहम. १ अँपिअर वाहत असेल तर तिच्या दोन टोकांत पाच मिलिव्होल्ट पडतात. साधा मल्टिमीटर हे आरामात दाखवतो. ज्या पट्टीत प्रवाह नाही तिच्या टोकांत काहीच पडत नाही. पाण्याची गळती जशी पाइपातल्या वाहत्या बाजूनं शोधत जावी, तसं प्रत्येक फाट्यावर कुठल्या फांदीत मिलिव्होल्ट पडतात ते बघत जायचं.

मुलानं प्रोब धरले, मी डायग्रामवर बोट ठेवत गेलो. पहिल्या फाट्याला डावी फांदी मेलेली, उजवीत चार मिलिव्होल्ट. पुढच्या फाट्याला पुन्हा एकच फांदी जिवंत. ती एका टँटलमपाशी थांबली आणि त्याच्या पलीकडे शून्य. पक्कं करायला त्याच्या अंगावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडला. शेजारच्या कपॅसिटरवरचा थेंब टिकला, याच्यावरचा आधी उडाला.

एक पाय उचलला. रेलचा रोध लगेच पूर्वपदावर आला. संपूर्ण बोर्डावर हा एकच सोल्डर जोड आम्ही तोडला होता.

इथं एक खबरदारी नोंदवतो. शॉर्ट टँटलममध्ये भरपूर प्रवाह ढकलून तो "जाळून" उघडा करायची पद्धत काही जण वापरतात. टँटलम पेट घेतो, कधी फुटतो. १ अँपिअरची मर्यादा आम्ही त्यासाठीही घातली होती, आणि डोळ्यांवर चष्मे होते.

तिसरा निर्णय: बदली काय आणि किती

काढलेल्या कपॅसिटरवर २० व्होल्ट छापलेले होते. १५ व्होल्टच्या रेलवर २० व्होल्टचा टँटलम म्हणजे मार्जिन फार थोडं. त्या काळी हे रूढ होतं. आज सामान्य नियम असा की टँटलमला छापलेल्या व्होल्टेजच्या निम्म्यावरच चालवावं.

बदली म्हणून ३५ व्होल्टचा नवा टँटलम किंवा १०५ अंश तापमानापर्यंत चालणारा अॅल्युमिनिअम इलेक्ट्रोलिटिक, दोन्ही चालले असते. मी अॅल्युमिनिअम घेतला, कारण जागा होती आणि तो मरताना आग लावत नाही. टँटलमच्या शरीरावरची पट्टी किंवा अधिकची खूण धन पाय दाखवते, अॅल्युमिनिअमवरची पट्टी ऋण पाय. जुन्याच्या जागी नवा बसवताना केवळ पट्टी बघून बसवला तर तो उलटा बसतो, आणि वीज देताच दुसरा शॉर्ट तयार. बोर्डावरची छपाई आणि डायग्राम दोन्ही बघितल्याशिवाय सोल्डरिंग सुरू करू नये. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानांत वायर, लग, स्क्रू बिनधास्त घ्यावेत. कपॅसिटर मात्र मी अधिकृत वितरकाकडून मागवतो, कारण त्याचा इतिहास माहीत असणं गरजेचं आहे.

मग खरा प्रश्न: १५च्या रेलवरचे तसेच, त्याच वयाचे, त्याच रेटिंगचे बाकीचे टँटलम? मॅडमना फोन केला. हाताशी असलेल्या मोठ्या बोर्डावरचे बदलायचे, हे लगेच ठरलं. स्वीपच्या बोर्डावरचे बदलायला तो बोर्ड बाहेर काढावा लागला असता, आणि त्याच्या स्विचच्या लांब दांड्या, जुनं प्लॅस्टिक यांना हात लावायची माझी तयारी नव्हती. "तिथलं मोजमाप आज चांगलं आहे, पण पुढे त्यातला एखादा जाऊ शकतो," असं मी सांगितलं. त्यांनी ते समजून घेऊन होकार दिला.

मधेच दुसरा दोष

वीज दिली. पाचही रेल उभ्या राहिल्या. ५५ची रेल ५४.९३ दाखवत होती. तिथं एक ॲडजस्टमेंट आहे आणि हात शिवशिवतोच. तिला हात लावला नाही. माप मॅन्युअलमधल्या मर्यादेत होतं, आणि ती जरा हलवली की बाकीच्या रेलच काय, व्हर्टिकल आणि टाइमबेस यांचं सगळं कॅलिब्रेशन हलतं. ते पुन्हा करायची तयारी असेल तरच तो स्क्रू फिरवावा.

ट्रेस आला, पण जाड. ५ मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजनवर इनपुट ग्राउंड करूनही रेघ वर-खाली थरथरत होती. स्वीप मेनच्या वारंवारतेवर (लाइन) ट्रिगर करून पाहिलं तर थरथर १०० हर्ट्झची.

ही वारंवारता वाचायला शिकणं फार उपयोगाचं. आपली मेन ५० हर्ट्झची, फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, १०० हर्ट्झचा. तो दिसला तर शंका फिल्टर कपॅसिटर, रेग्युलेटर किंवा ग्राउंडची. ५० हर्ट्झ दिसला तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा आहे का, किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कुठे शिरतंय का, ते बघायचं. अमेरिकन मॅन्युअलमध्ये १२० हर्ट्झचा उल्लेख असतो. आपण तिथं १०० वाचायचं.

साहजिक निष्कर्ष होता की फिल्टर सुकलेत, बदलून टाका. दुसऱ्या स्कोपनं प्रत्येक रेलचा रिपल पाहिला, प्रोबचं ग्राउंड त्या त्या फिल्टर कपॅसिटरच्या ऋण पायाला लावून. सगळे स्वच्छ. मग तेच माप, पण प्रोबचं ग्राउंड व्हर्टिकल बोर्डाजवळ. आता ५च्या रेलवर काही मिलिव्होल्टचा १०० हर्ट्झ दिसला. रेल तीच, बदलली होती फक्त ग्राउंडची जागा. म्हणजे दोन ग्राउंडमध्येच व्होल्टेज होता.

बोर्ड उलटून पाहिला आणि कारण समोर आलं. या स्कोपमधल्या डब्यासारख्या मूळ फिल्टर कपॅसिटरना मधे एक धन पाय आणि कडेनं अनेक ऋण पाय असतात. ते सगळे ऋण पाय आतून डब्याला जोडलेले. बोर्ड आखणाऱ्यांनी त्याचा उपयोग करून घेतला: ग्राउंडच्या वेगवेगळ्या पट्ट्या बोर्डावर जोडलेल्या नाहीत, त्या कपॅसिटरच्या डब्यातूनच एकमेकींना मिळतात. ५च्या रेलचा फिल्टर पूर्वी कुणीतरी बदललेला होता. सोल्डरिंग स्वच्छ, कपॅसिटर चांगल्या प्रतीचा, फक्त दोन पायांचा. त्यामुळे एक ग्राउंड पट्टी सुटी पडली आणि कपॅसिटर भरणारे प्रवाहाचे झटके लांबच्या वाटेनं, चॅसीच्या जुन्या स्क्रूंमधून परतू लागले. हे झटके काही अँपिअरचे असतात. वाटेत दोन मिलिओहम असले आणि झटका तीन अँपिअरचा असला की सहा मिलिव्होल्ट, म्हणजे पडद्यावर एकाहून जास्त डिव्हिजन.

सुट्या पट्ट्यांमध्ये जाड टिनलेल्या तांब्याच्या तारेचा जोड दिला. रेघ बारीक झाली. एकही कपॅसिटर न बदलता.

तिसरा पर्याय घेतला असता, म्हणजे सगळे डबे काढून दोन पायांचे कपॅसिटर बसवले असते, तर हाच दोष आणखी तीन-चार जागी तयार झाला असता. वर्कशॉपमध्ये मी हे उदाहरण वारंवार सांगतो, कारण अशा दोषात प्रत्येक भाग वेगळा तपासला तर निर्दोष निघतो.

चौथा निर्णय: उरलेल्या फिल्टरचा न्याय

आता मूळचे डबे. जुने म्हणून काढायचे की नाही, याला एक तटस्थ परीक्षा आहे. ४६५च्या मागच्या बाजूला व्होल्टेजचा सिलेक्टर आहे: २२०, २३० किंवा २४० व्होल्ट, प्रत्येक दहा टक्के कमी-जास्त धरून. ज्या टप्प्यावर स्कोप चालवायचा त्याच्या खालच्या टोकापर्यंत डिमरस्टॅटनं मेन उतरवायची आणि प्रत्येक रेलवर १०० हर्ट्झच्या खाचा दिसतात का ते पाहायचं. फिल्टरची क्षमता घटली की रिपलचा तळ रेग्युलेटरला लागणाऱ्या किमान व्होल्टेजच्या खाली जातो आणि खाचा रेलवर उतरतात.

ठोकळ हिशेब असा: ५००० मायक्रोफॅरडवर १ अँपिअरचा लोड असेल तर १०० हर्ट्झला रिपल सुमारे २ व्होल्ट. अमेरिकेत, १२० हर्ट्झला, तोच सुमारे १.७. म्हणजे तिकडे अजून तग धरून असलेला कपॅसिटर आपल्या मेनवर एक पंचमांश जास्त रिपल देतो आणि आधी उघडा पडतो. परदेशी दुरुस्तीकारांचे "हे डबे अजून चालतात" असे अनुभव वाचताना हे ध्यानात ठेवावं.

टप्पा ठरवायला मॅडमकडून त्यांच्या प्रयोगशाळेतल्या सॉकेटची मापं मागवली, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांची. ती २२२ ते २४८च्या दरम्यान होती. सिलेक्टर मात्र २२०च्या टप्प्यावर राहिलेला. २४८ व्होल्टला त्या टप्प्यावर प्रत्येक रेग्युलेटरला नेमापेक्षा सुमारे तेरा टक्के जास्त व्होल्टेज मिळतो आणि तो सगळा उष्णतेत जातो. सिलेक्टर २४०वर नेला. त्याचं खालचं टोक २१६.

२१६ला चार रेल ठाम राहिल्या. उणे ८ची रेल २२४लाच खाचा दाखवू लागली. तिचा फिल्टर काढून क्षमता मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर १०० हर्ट्झला मोजला: क्षमता छापलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. तो एकच बदलला, आणि या वेळी ग्राउंडच्या सगळ्या पट्ट्या आधीच तारेनं जोडून.

निकाल

स्कोप तंत्रनिकेतनात परत गेला. कॅलिब्रेटरच्या चौकोनी लहरीवर दोन्ही चॅनेल तपासून, सगळ्या रेलची मापं एका कार्डावर लिहून ते झाकणाच्या आत चिकटवलं. मॅडमनी मिलिव्होल्टनं शॉर्ट शोधायची पद्धत प्रात्यक्षिकात घेतली. एका रिकाम्या बोर्डावर त्या मुद्दाम शॉर्ट करून देतात आणि मुलं तो शोधतात.

पुढच्या सत्रात मॅडमचा फोन आला. पडदा पुन्हा काळा. या वेळी त्यांनी स्वतःच रेल मोजल्या होत्या: ५५ ठीक, १५ खाली. स्वीपच्या बोर्डावरचा, न बदललेला टँटलम गेला होता. माझा विद्यार्थी तिकडे गेला, तासाभरात फांदी पकडली, आणि बोर्ड बाहेर काढावाच लागला असल्यानं त्यावरचे १५च्या रेलचे सगळे टँटलम बदलून आला. दांड्या आणि प्लॅस्टिक शाबूत राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

स्वीपचा बोर्ड पहिल्या वेळी काढायचा की नाही, यावर माझ्या विद्यार्थ्याचं आणि माझं आजही एकमत नाही. त्याचं म्हणणं, २० व्होल्टचे टँटलम १५च्या रेलवर म्हणजे रेटिंगचाच प्रश्न, तिथं मोजमाप करून भविष्य कळत नाही, म्हणून ते सरसकट बदलायला हवे होते. टँटलमच्या बाबतीत त्याचा मुद्दा मला पटतो. फिल्टर कपॅसिटर हळूहळू उतरतो आणि डिमरस्टॅटच्या परीक्षेत सापडतो. टँटलम शेवटच्या दिवसापर्यंत निरोगी दिसतो. दोघांना एकच नियम लावता येत नाही. तरीही पन्नास वर्षांच्या प्लॅस्टिकच्या दांड्या मोडल्या असत्या तर त्या कुठून आणल्या असत्या, याचं उत्तर त्याच्याकडेही नाही. आता अशा कामात मी मालकाला सुरुवातीलाच दोन आकडे देतो, बोर्ड न काढता आणि काढून, आणि दोन्हींतली जोखीम लिहून देतो.

दुसरं, पूर्वीच्या दुरुस्तीच्या खुणा शोधणं हे पहिल्या पायरीचं काम व्हायला हवं. वीज देण्याआधी बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून, कारखान्यातलं सोल्डरिंग आणि नंतरचं सोल्डरिंग वेगळं करून पाहिलं असतं, तर दोन पायांचा फिल्टर सुरुवातीलाच नजरेत आला असता. आता वहीच्या पहिल्या पानावर त्यासाठी वेगळा रकाना आहे.

आणि सिलेक्टर. कारखान्यातून, लिलावातून, दुसऱ्या गावाहून आलेल्या प्रत्येक जुन्या उपकरणाचा व्होल्टेज सिलेक्टर नव्या जागेच्या सॉकेटवर मोजून लावला पाहिजे. तो लावायला नाणं किंवा छोटा स्क्रूड्रायव्हर पुरतो. मॅडमनी प्रयोगशाळेतल्या बाकी जुन्या उपकरणांचेही सिलेक्टर तपासले. एक सिग्नल जनरेटर आणि एक जुना फ्रीक्वेन्सी काउंटर २२०वरच निघाले.